नाटक, चित्र आणि सृष्टिनिरीक्षण

मनुष्य लिहावयास शिकला त्याच्या कितीतरी आधी तो चित्र काढावयास शिकला. लहान मूलही अक्षर गिरविण्यापूर्वी भिंतीवर रेघोट्या ओढते. असे असूनही चित्रांची पुस्तके म्हणजे केवळ बालकांचे रंजन, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. मोठ्या वर्गातील मुलाच्या हाती चित्रमय गोष्टीचे पुस्तक दिसले की घरची वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. अशी पुस्तके वाचणारा मुलगा मूळ ग्रंथाकडे पाठ फिरवील, ही त्यांची भीती अगदीच निराधार आहे असे नाही. परंतु चित्र आणि शब्द यांचे नाते या भीतीहून पुष्कळच खोल आहे. अभिजात नाटकांवरून तयार होणाऱ्या चित्रकादंबऱ्या आणि जीवसृष्टीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची चित्रे हे दोन विषय वरकरणी एकमेकांपासून दूरचे वाटतात. या लेखात ते मुद्दाम जवळ आणून पाहावयाचे आहेत. दोहोंनाही एकाच गुणाची गरज लागते, तो म्हणजे नीट पाहण्याचा.

नाटकाचे चित्रात रूपांतर

चित्रकादंबरी, म्हणजे ज्याला हल्ली ग्राफिक नॉव्हेल म्हणतात ती, चौकटींतून कथा सांगते. प्रत्येक चौकटीत एक क्षण पकडलेला असतो. पात्रांचे बोलणे त्यांच्या मुखाजवळ काढलेल्या फुग्यांत लिहिलेले असते. दोन चौकटींच्या मध्ये जी कोरी पट्टी असते, तिच्यात घडलेले सारे वाचकाने आपल्या मनाने पुरे करावयाचे असते. पहिल्या चौकटीत धनुष्य ताणलेले आणि दुसऱ्या चौकटीत बाण रुतलेला; मधला बाणाचा प्रवास वाचकाच्या कल्पनेतच होतो.

नाटक हे असल्या रूपांतरास सोयीचे, कारण त्यात संवाद तयार असतात. अमेरिकेत १९४१ साली सुरू झालेल्या एका प्रसिद्ध मालेने पुढे शेक्सपिअरची ‘ज्यूलियस सीझर’, ‘हॅम्लेट’, ‘मॅक्बेथ’ ही नाटके चित्ररूपाने मुलांपुढे ठेवली. आपल्या देशात अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ ही माला सुरू केली. तिच्यात कालिदासाच्या नाटकावरून ‘शकुंतला’ व ‘मालविका’, शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वरून ‘वसंतसेना’ आणि श्रीहर्षाच्या नाटिकेवरून ‘रत्नावली’ अशी पुस्तके निघाली. संस्कृत नाटकाचे एक पानही ज्यांनी उघडले नव्हते अशा असंख्य मुलांना दुष्यंत, चारुदत्त आणि वासवदत्ता यांची ओळख या पुस्तकांनी करून दिली.

तथापि रूपांतर ही काही नवी गोष्ट नव्हे. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले तेही रूपांतरच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ संगीत करून रंगभूमीवर आणले, त्यात कालिदासाचे श्लोक जाऊन मराठी पदे आली. त्या वेळी कोणी मूळ नाटक बुडाले म्हणून शोक केला नाही. उलट त्या पदांच्या गोडीने कित्येकांना मूळ संस्कृत वाचण्याची प्रेरणा झाली असेल. तेव्हा रूपांतर करावे की नाही हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही. रूपांतर करताना काय मिळाले आणि काय निसटले, हे ओळखणे महत्त्वाचे.

आपल्या शेजारची चित्रकथा

पेडणे तालुक्याच्या उत्तर सीमेवरील तेरेखोलची नदी ओलांडली की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची कला पिढ्यान्‌पिढ्या जतन केली आहे. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे कागदावर रंगवून, दोन-दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवितात आणि त्यांची पोथी बांधतात. कथेकरी एकेक चित्र उचलून प्रेक्षकांपुढे धरतो आणि वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीवर ते आख्यान गाऊन सांगतो. चित्र बदलले की प्रसंग बदलतो. चौकट, क्रम आणि संवाद ही आजच्या चित्रकादंबरीची तिन्ही अंगे येथे आधीपासूनच हजर आहेत. फरक इतकाच की फुग्यातील अक्षरांच्या जागी येथे कथेकऱ्याचा जिवंत कंठ आहे. या कलेला सावंतवाडीच्या राजघराण्याचा आश्रय होता. पेडणे आणि डिचोली हे महालही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या ताब्यात जाण्यापूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांच्याच सत्तेखाली होते. म्हणजे ही कला आपल्याला परकी नव्हे, एकाच अंगणातली आहे. पिंगुळीचे कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देऊन भारत सरकारने तिचा गौरव केला. जुन्या पोथ्यांचे कागद आता जीर्ण झाले आहेत. त्यांतील काही चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात.

आपल्या जत्रांत होणारा दशावतार हा या कलेचा सख्खा शेजारी. त्याला लिखित संहिता नसते. गणपती, ऋद्धि-सिद्धी, सरस्वती, शंकासुर अशी पात्रे येऊन गेल्यावर मुख्य आख्यान सुरू होते आणि नट आपापले संवाद रंगमंचावर उभ्या उभ्याच रचतात. अशा नाटकाचे चित्रपुस्तक करावयाचे तर आधी प्रश्न येईल की, कोणत्या रात्रीचा संवाद खरा मानावा? पेडण्यात एका जत्रेत राजाने जे म्हटले ते डिचोलीतील दुसऱ्या जत्रेत म्हटलेच असेल असे नाही. लिहिलेले नाटक स्थिर असते, दशावतार वाहता असतो. आणि चित्र तर वाहत्याला थांबविते. हा रूपांतराचा लाभही आहे आणि हानीही.

‘शाकुंतला’ची कसोटी

आता कालिदासाचे ‘अभिज्ञानशाकुंतल’ समोर ठेवून ही गोष्ट अधिक बारकाईने पाहू.

दुर्वासाचा शाप हा या नाटकाचा कणा. परंतु कालिदासाने दुर्वासाला रंगमंचावर आणलेलेच नाही. चौथ्या अंकाच्या आरंभी अनसूया आणि प्रियंवदा फुले वेचीत असताना त्याचा केवळ आवाज पडद्यामागून ऐकू येतो. पतीच्या विचारात बुडालेली शकुंतला तो ऐकतही नाही. शाप प्रेक्षकांना ठाऊक आहे, सख्यांना ठाऊक आहे, आणि जिच्यावर तो कोसळला तिला मात्र त्याचा पत्ता नाही, यातच त्या प्रसंगाचा सारा करुण रस साठविला आहे. चित्रकाराला मात्र जटा पिंजारलेला, डोळे वटारलेला ऋषी काढण्याचा मोह आवरत नाही. चित्र भडक उठते, पण न दिसणाऱ्या संकटाची भीती नाहीशी होते. कुशल चित्रकार असेल तर तो दुर्वासाची नुसती लांबट सावली पर्णकुटीच्या दाराशी काढील आणि चौकटीच्या मधोमध बेसावध शकुंतलेला बसवील. असे करणाऱ्याने नाटक खरोखर वाचले आहे असे समजावे.

दुसरे उदाहरण हरणाचे. पहिल्या अंकात दुष्यंत ज्या मृगाचा पाठलाग करतो तो कोणता? सारथ्याच्या तोंडी कवीने ‘कृष्णसार’ हा शब्द घातला आहे. कृष्णसार म्हणजे काळवीट. त्याची शिंगे पिळदार असतात आणि त्यांना फांद्या नसतात. बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात ठिपक्यांचे चितळ पाहिलेला आपल्याकडचा मुलगा मात्र अंगावर ठिपके आणि डोक्यावर फाटे फुटलेली शिंगे असलेलेच हरीण काढील. चितळाची शिंगे गळतात आणि पुन्हा येतात. काळविटाची शिंगे आयुष्यभर टिकतात. हे दोन प्राणी शास्त्रदृष्ट्या वेगळ्या कुळांतले आहेत. कवीने एक लिहिले आणि चित्रकाराने दुसरे काढले, तर नाटकही चुकले आणि प्राणिशास्त्रही चुकले.

तिसरे उदाहरण मासळीचे. ते आपल्या गोव्यातील मुलांना अधिक आवडेल. सहाव्या अंकाच्या आरंभी राजाची अंगठी विकणारा कोळी पकडला जातो. ती अंगठी त्याला मासा कापताना मिळालेली असते. तो मासा कोणता, हेही कालिदासाने सांगून ठेवले आहे. तो ‘रोहित’, म्हणजेच रोहू. हा गंगेच्या गोड्या पाण्यातला मासा आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन या शास्त्रज्ञाने १८२२ साली गंगेतील माशांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा या माशाच्या शास्त्रीय नावात त्याने ‘रोहिता’ हा शब्द तसाच ठेवला. आज तो ‘लाबेओ रोहिता’ म्हणून ओळखला जातो. आपल्या पानात रोज बांगडा आणि इसवण येतो म्हणून शकुंतलेची अंगठी इसवणाच्या पोटातून काढून चालणार नाही. हंसपदिकेचे गाणे किंवा दुष्यंताचा मुकुट चित्रकाराने आपल्या कल्पनेने रंगवावा. माशाच्या बाबतीत ती मोकळीक त्याला नाही.

याच अंकात एक विलक्षण प्रसंग आहे. पश्चात्तापाने पोळलेला दुष्यंत शकुंतलेचे चित्र स्वतःच काढतो. ते पाहून विदूषक थक्क होतो, पण राजाचे समाधान होत नाही. अजून काय काय काढावयाचे राहिले याची तो यादीच देतो: मालिनी नदी, तिच्या वाळवंटात बसलेली हंसांची जोडपी, हिमालयाच्या पायथ्याचे पवित्र उंचवटे, वल्कले वाळत घातलेला वृक्ष, आणि त्या वृक्षाखाली काळविटाच्या शिंगावर आपला डावा डोळा खाजविणारी हरिणी. शकुंतलेच्या कानावर शिरीषाचे फूल काढावयाचे राहिले, हेही त्याच्या ध्यानात येते. पुढे चित्रातील भुंग्याला खरा समजून तो दटावू लागतो. म्हणजे या नाटकात चित्र आधीपासूनच आहे. ज्याला आपण गमावले तिला नीट आठवावयाचे तर नदी, पक्षी, झाड आणि प्राणी यांच्यासह आठवले पाहिजे, हे कालिदासाने राजाच्या तोंडून सांगितले. प्रेमाला तपशील लागतो. जो सृष्टी पाहत नाही, त्याला माणूसही पुरता दिसत नाही.

विज्ञानाचा ग्रंथ, पण संवादरूपाने

नाटकाचे चित्र झाले की काय घडते ते आपण पाहिले. आता याच्या उलट बाजूचे एक उदाहरण आपल्या गोव्याच्याच इतिहासातून घेऊ.

गार्सिया दा ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि १५६८ साली मरेपर्यंत येथेच राहिला. त्याने भारतातील औषधी वनस्पतींविषयी लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यापूर्वी अवघी सात वर्षे, म्हणजे १५५६ साली, गोव्यात छापखाना आला होता. तेव्हा भारतात छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत याची गणना होते. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो सारा ग्रंथ संवादरूप आहे. रुआनो नावाचा एक काल्पनिक वैद्य युरोपातून नुकताच आला आहे. तो प्राचीन ग्रीक आणि अरब ग्रंथांचे दाखले देतो, आणि ओर्ता त्याला स्वतः पाहिलेले व अनुभवलेले सांगतो. मध्येच अंतोनिया नावाची दासी एखादी वनस्पती आणून दाखविते. आंबा, फणस, सुपारी, मिरी, हिंग, धोत्रा अशा कितीतरी वस्तूंची चर्चा होते. पटकीच्या रोगाचे युरोपीय वैद्याने केलेले एक आद्य वर्णनही याच ग्रंथात आढळते. जुन्या पंडितांनी लिहिले म्हणून ते खरे मानावयाचे नाही, डोळ्यांनी पाहिलेले खरे मानावयाचे, हा या संवादांचा आत्मा होय. त्याच्या या ग्रंथात वनस्पतींची चित्रे मात्र नाहीत.

कार्लुस क्लुसिउस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या ग्रंथाचा लॅटिन भाषेत संक्षेप करून तो १५६७ साली अँटवर्प येथे छापला. त्यात काही चित्रे आली, पण संवाद गेला. रुआनो गेला, अंतोनिया गेली, आणि प्रश्नोत्तरांतून सत्यापर्यंत पोहोचण्याची सारी वाटचाल गेली. उरली ती केवळ माहिती. या लॅटिन संक्षेपामुळेच ओर्ताचे ज्ञान युरोपभर पसरले हे खरे. परंतु हे ज्ञान कसे मिळाले, कोणाला विचारून मिळाले, हे वाचकाला कळण्याची सोय त्यात राहिली नाही. पुढे क्रिस्तोव्हाव दा कोश्ता या दुसऱ्या वैद्याने १५७८ साली स्पेनमधील बुर्गोस येथे आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने ओर्ताचा पुष्कळ आधार घेतला, पण वनस्पतींची चित्रे मुळांसकट काढून छापली. कोचीनच्या बागांतील काजूचे वर्णन त्यानेच केले आहे. आज पेडणे-डिचोलीच्या डोंगरांवर जो काजू इतका घरचा वाटतो, तो मूळचा ब्राझीलचा, हे या निमित्ताने ध्यानात ठेवावे.

ओर्ताची कहाणी मात्र दुःखान्त आहे. तो ज्यू वंशातील होता. त्याच्या मृत्यूनंतर १५६९ साली त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जाळले आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. पणजीतील नगरपालिकेच्या उद्यानाला आज त्याचे नाव आहे.

यानंतर शतकभराने कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे याने ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅम येथे छापले गेले. सुमारे सातशे चाळीस वनस्पतींची त्यात सचित्र माहिती आहे. चित्रांवर वनस्पतींची नावे मल्याळम आणि अरबी लिपींबरोबर नागरी लिपीतही कोरलेली आहेत. या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याप्रमाणेच रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोकणी वैद्यांनी मोलाचे साहाय्य केले. त्यांनी १६७५ साली नागरी लिपीत लिहून दिलेला कोकणी दाखला ग्रंथात छापलेला आहे. पुढे लिनियसने वनस्पतींना शास्त्रीय नावे देताना याच ग्रंथातील चित्रांचा आधार घेतला. ओर्ताच्या ग्रंथाचा संक्षेप होताना प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे नाहीसे झाले होते. येथे मात्र चित्रही आले आणि माहिती देणाऱ्यांची नावेही टिकली. रूपांतर असावे तर असे.

आजचे जीवशास्त्र आणि मोरजीचा किनारा

आजच्या जीवशास्त्रातही चित्राचे महत्त्व उणावलेले नाही. डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात एकच आकृती दिली, ती फांद्या फुटत जाणाऱ्या वंशवृक्षाची. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डी.एन.ए.च्या रचनेविषयी लिहिलेल्या छोट्याशा लेखातही एकच आकृती आहे. ती दुहेरी पिळाची आकृती क्रिक यांच्या पत्नी ओडिल यांनी रेखाटली होती. जगभरच्या पाठ्यपुस्तकांना तिचीच ओळख आहे. जे हॉस्लर नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने तर मधमाशीच्या जीवनावर संपूर्ण चित्रकादंबरीच रचली. २०१८ साली गोव्यातून बेडकाची एक नवी जाती शास्त्रज्ञांनी नोंदविली आणि तिच्या शास्त्रीय नावात ‘गोएमची’, म्हणजे गोंयची, हा आपल्या मातीतला शब्द घातला. अशा नव्या जातीची ओळख पटविताना शब्दांच्या जोडीला चित्र लागतेच.

आता समजा, आपल्या विद्यार्थ्यांनी पेडणे तालुक्यातील मोरजीच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाची चित्रकथा करावयाचे ठरविले. दशावतारात कूर्म हा दुसरा अवतार, तेव्हा हे पात्र आपल्याला परिचितच आहे. परंतु या चित्रकथेत कल्पनेचा कूर्म चालणार नाही. हिरव्या कासवाच्या पाठीवर मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना चार-चार मोठ्या पट्टिका असतात. ऑलिव्ह रिडलेच्या प्रत्येक बाजूला बहुधा सहा किंवा त्याहून अधिक असतात, आणि दोन्ही बाजूंची संख्या सारखी असेलच असेही नाही. चित्रात चार पट्टिका काढल्या की कासव दुसऱ्याच जातीचे झाले!

कथेचा क्रमही निसर्गाने ठरवून दिला आहे. हिवाळ्याच्या रात्री मादी एकटी किनाऱ्यावर येते. मागच्या पायांनी वाळूत खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून ती झाकते आणि समुद्रात निघून जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर येतात. पिले नर होणार की माद्या, हे वाळूच्या उष्णतेवर अवलंबून असते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात. बाहेर पडलेली पिले जिकडे उजेड अधिक तिकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राकडील क्षितिजाचा असतो. पण किनाऱ्यालगत दिव्यांचा झगमगाट असेल तर ती बिचारी उलट दिशेने चालू लागतात. १९९० नंतरच्या दशकात वनखात्याने आणि गावकऱ्यांनी मोरजी येथे या घरट्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले, त्याचे महत्त्व यावरून कळेल. या कथेत खलपुरुष नाही. तरीही शेवटची चौकट सुखाची काढावयाची की दुःखाची, हे किनाऱ्यावरचे दिवे विझविणाऱ्या माणसांच्या हाती आहे.

विद्यार्थ्यांस दोन शब्द

चित्रकादंबरी वाचण्यास कोणाचीही हरकत असू नये. ती वाचून झाल्यावर मूळ नाटकाचा तो अंक, निदान त्याचे मराठी भाषांतर, उघडून पाहण्याची सवय मात्र लावून घ्यावी. चित्रकाराने काय घेतले, काय सोडले आणि काय स्वतःच्या पदरचे घातले, याची नोंद करावी. अशा वाचनाने चित्रपुस्तक मूळ ग्रंथाचे शत्रू न होता त्याचे दार बनते.

ज्यांना चित्रकलेची आवड आहे त्यांच्यासाठी तर आपल्या दाराशीच विषय पडलेले आहेत. डिचोलीच्या एखाद्या कुळागरात जाऊन मिरीची वेल पोफळीला कशी बिलगते ते पाहून काढावे. पावसाळ्यात पेडण्याच्या सड्यावर उगवणारी इवली फुले पाकळ्या मोजून काढावीत. चित्राखाली त्या झाडाचे आपल्या गावातील नाव लिहावे, आणि ते नाव ज्या आजीने किंवा कुळागरात राबणाऱ्या ज्या माणसाने सांगितले त्याचेही नाव लिहावयास विसरू नये. रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट यांची नावे साडेतीनशे वर्षांनंतर आपल्याला ठाऊक आहेत, ती कोणीतरी ती छापून ठेवली म्हणूनच. गावातली वयोवृद्ध माणसे आज आहेत तोवरच हे विचारून घेता येईल.